बगीचा ताणावर, आम्ही गाडीवर



गेले तेवीस दिवस पेजवर एकही नोंद नव्हती. तिघाचौघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. मी आणि सौ. पाठीवर एकेक पिशवी टाकून फिरायला गेलो होतो. पंजाबात अबोहर आणि अमृतसर, मग बंगालात विष्णुपूर, ओडिशात पुरी, आणि तिथून घरी. १८ डिसेंबरला आष्टी सोडली, ९ जानेवारीला परत आलो. शेतीच्या पेजवर हा विषय कशाला, असं कुणाला वाटत असेल तर थोडं दमानं वाचा. मधात पत्त्यांचं बरंच येईल, तेवढं सोसा. पण त्या पत्त्यांतूनच आमच्या बगीच्याचा एक अडकलेला निर्णय सुटला, म्हणून लिहितो.

शेतकऱ्याला सुट्टी नसते म्हणतात. संत्रेवाल्याला असते, फक्त तो ती घेत नाही. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागते. आमची जमीन मध्यम-भारी, यंदा पाऊसही ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत लांबला, म्हणजे ओल खोलवर होती. हलक्या जमिनीत महिनाभरात झाड मलूल होते, आमच्याकडे पन्नासेक दिवस धरावे लागतात. १ डिसेंबरला ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला. तेव्हापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बगीच्यात माणसानं करायचं ते एवढंच, की काही करायचं नाही. आणि हेच कठीण. रोज जाऊन कोमेजलेली पानं पाहिली की हात शिवशिवतात. आमच्या भागात कितीतरी ताण मालकाच्या दयेपायी बिघडतात. मधातच एक पाणी देऊन बसतात आणि मग नुसती पालवी फुटते, फूल नाही. म्हणून मी म्हणतो, ताणाच्या दिवसांत मालकानं गाव सोडलेलं झाडाच्या हिताचं.

बाकीचं असं लावलं : कापसाची दुसरी वेचणी झाली होती. तुरीच्या शेंगा भरत होत्या, कापणी आम्ही आल्यावरच होणार होती. हरभऱ्याचं एक ओलीत पुतण्याकडे सोपवलं. गाय भावाच्या गोठ्यात नेऊन बांधली. एवढं केलं की शेत बावीस दिवस आपल्याशिवाय राहते. राहते म्हणजे काय, आपण नसलो तरी त्याले काही फरक पडत नाही, हे पचवायला जरा जड जाते.

निघताना बसस्टँडवर आमच्या पाठीवरच्या पिशव्या पाहून एक जण म्हणे, "काय बावा, दोघंही शाळेत चालले का?" सौ.नंच उत्तर दिलं, "हो, दहावीच्या पुढचं राह्यलं होतं." मी दहावी पास, ती आठवी. एसटीत तिला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायांना ते सुरू आहे, त्यामुळे आष्टी ते वर्धा प्रवासात तिचा भाव माझ्यापेक्षा जास्त होता. पुढे सेवाग्राम स्टेशनावरून दिल्लीची गाडी.

आता पत्त्यांचं.

आपल्या भागात पत्ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पोळ्याचा जुवा येतो. पोळ्याच्या आगेमागे कुठं गोठ्यात, कुठं नाल्याच्या काठी डाव बसतात, आणि बैल विकायची पाळी आलेली घरंही आपण पाहिली आहेत. अलीकडे तेही मागं पडलं, मोबाईलवरची रमी आली. आमच्याच पंचक्रोशीत एका घरचे कापसाचे पैसे चुकारा झाल्यापासून तिसऱ्या दिवशी पोराच्या मोबाईलमधून गेले. बाप बोलत नाही, माय बोलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते बरं केलं. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच म्हटलं आहे की रमी हा मुख्यतः अकलेचा खेळ आहे. पण अक्कल वापरायला समोर माणूस लागतो. मोबाईलमध्ये समोर कोण आहे हेच दिसत नाही, तिथं कसली अक्कल? असो. (रमी आणि शेती एकत्र काढली की आजकाल लोक हसतात, का ते शेतकऱ्यांना सांगायला नको.)

तर बायकोसोबत पत्ते खेळणे हे आमच्याकडे बसत नाही. सौ. मात्र खेळ शिकून आली होती माहेराहून. तिचं माहेर वरूडकडचं, संत्र्याचंच घर. आजोबा मृगाच्या बहाराची राखण करायला बगीच्यात झोपडी टाकून राहत. त्यांना डबा घेऊन गेलेल्या नाती उन्हं कलेपर्यंत तिथंच राहत आणि आजोबा त्यांच्यासोबत सात-आठ खेळत. लग्नानंतर तीस वर्षांत तिनं पान हातात धरलं नव्हतं. तिची पिशवी वर्ध्याला उघडली तेव्हा त्यात फोडणीचे मुरमुरे, धपाटे, लिंबाचं लोणचं आणि एक कोरा जोड निघाला. "गाडीत काय तोंडं पाहत बसायचं का?" एवढंच म्हणाली.

सात-आठ दोघांचा खेळ आहे. तरुण पोरांना आता माहीत नसेल म्हणून सांगतो. बावन्नातून तीसच पानं घ्यायची : चारही रंगांची आठीपासून एक्क्यापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस, आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या. प्रत्येकाला पंधरा पानं. वाटणारा आधी पाच पानं समोरच्याला देतो, त्या पाचांवर त्यानं हुकूम बोलायचा. हुकूम बोलणाऱ्यानं आठ हात करायचे, वाटणाऱ्यानं सात. कुणी आपल्या वाट्यापेक्षा जास्त केले तर जितके जास्त, तितकी पानं पुढच्या डावात दुसऱ्याच्या हातातून न पाहता ओढायची आणि आपल्याकडचं नकोसं पान त्याला द्यायचं. आमच्याकडे असंच खेळतात. म्हणजे मागच्या हंगामाचं कर्ज पुढच्या हंगामाच्या पेरणीतच कापून घेतात, तसं. एकदा खाली गेला की वर यायला तीन-चार डाव लागतात. हे समजवायला शेतकऱ्याला वेळ लागत नाही.

आमची तिकिटं आरएसी निघाली. रिझर्वेशन आता साठ दिवस आधीच उघडते, आणि मला तारखा ठरवायला त्यातले वीस दिवस लागले. आरएसी म्हणजे साइडच्या खालच्या बर्थवर दोघांत जागा. दिवसा त्याच्या समोरासमोर दोन सीट होतात. पत्ते खेळायला रेल्वेनं यापेक्षा चांगली सोय केलेली नाही. मधात तिनं पिशवी आडवी ठेवली, वर टॉवेल, झाला पाट. पैसे लावायचे नाहीत हे ठरलेलंच होतं. भुईमुगाच्या दाण्यांवर खेळलो, आणि हरणारा दाणे देणार, जिंकणारा खाणार. इटारसी येईपर्यंत मी उपाशी.

तिचं खेळणं पाहण्यासारखं आहे. गेलेलं प्रत्येक पान तिच्या ध्यानात असते. नऊ हात झाले की माझ्याकडे काय उरलं ते ती माझ्यापेक्षा बरोबर सांगते. घाई नाही, बडबड नाही. हातात हुकमाचा एक्का असला तरी चेहऱ्यावर तेच, जे बाजारात भाजीचा भाव करताना असते. मी आठ हात बोलून पाच पानांच्या जोरावर उडी घेतो, ती पंधरा पानं येईपर्यंत थांबते आणि मग एकेक हात मोजून उचलते. खेळातला माझा उत्साह आणि तिचा हिशेब, घरातही तसंच आहे म्हणा.

दिल्लीत एकच दिवस थांबलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, थंडी होती. तिथून बठिंडामार्गे अबोहर. मला किन्नो पाहायचा होता.

किन्नो म्हणजे पंजाबचं संत्रं म्हणतात, पण ते आपल्या नागपुरी संत्र्याचं भावंड नाही. कॅलिफोर्नियात फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञानं किंग आणि विलोलीफ या दोन जातींचा संकर करून ते काढलं, १९३५ मध्ये ते तिकडे लागवडीला आलं, नंतर पंजाबात रुजलं. आम्ही गेलो तेव्हा तोडणी ऐन भरात होती. साल फळाला घट्ट चिकटलेली, आपल्यासारखी हातानं सुटत नाही. रस भरपूर, बियाही भरपूर. सौ.नं एका फळाच्या मोजल्या, एकवीस निघाल्या. चवीला आपलं संत्रं वरचढ, हे आम्ही दोघांनी न भांडता मान्य केलं. पण तिथली प्रतवारी आणि फळाला मेण चढवायची केंद्रं पाहिली की मान खाली जाते. फळ धुतलं, पुसलं, मेण चढलं, आकारानुसार वेगळं झालं, डब्यात गेलं. आपल्याकडे अजून झाडावरचा सौदा, व्यापारी म्हणेल तो भाव आणि त्यातही खाली पडलेली फळं आपल्या नावावर.

एका सरदारजींनी त्यांची बाग दाखवली. तिथं कलम जट्टी खट्टीवर बांधतात. म्हणजे आपल्या जंबेरीचीच जात, फक्त नाव पंजाबी. बागेच्या एका कोपऱ्यात वीसेक झाडांचे नुसते खुंट होते. तिकडे कालव्याचं पाणी मुरून जमिनीखालची पातळी वर येते, त्याला ते 'सेम' म्हणतात. सरदारजी खुंटाकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी खडा, तो बूटा गया." मी मान हलवली. सौ.नं मान हलवली नाही, ती त्या खुंटांच्या ओळीतून शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली.

आता आमची गोष्ट. आमचा बगीचा एक हेक्टरचा. १९९९ च्या पावसाळ्यात ६ बाय ६ मीटरवर २७७ कलमा लावल्या, सगळ्या जंबेरीवर. तेव्हा इकडे सगळेच तसं लावत. पहिले दोन उन्हाळे विहीर आटली तर सौ.नं डोक्यावरून गुंडानं पाणी आणून एकेका रोपाला घातलं. २००४ मध्ये बोअर मारला तो तिच्या पाटल्या गहाण ठेवून. त्या पाटल्या सोडवून आणल्या, पण तिनं त्या परत हातात घातल्या नाहीत, सुनेला दिल्या. बगीच्यानं पोराचं शिक्षण केलं, पोरीचं लग्न केलं. आता झाडं सव्वीस वर्षांची झाली. नाल्याकडचा भाग सखल आहे, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी राहते, तिथं डिंक्यानं झाडामागून झाड बसत चाललं. गेली दोन वर्षं फळगळ अशी झाली की ऑगस्टमध्ये झाडाखाली पिवळा सडा आणि झाडावर नुसती पानं. आमच्या तालुक्यात, कारंज्यात, वरूडकडे लोकांनी बगीचे तोडले, तुम्ही पाहतच आहात.

माझं म्हणणं होतं, सगळा काढू, दोन वर्षं जमीन मोकळी ठेवू. पुण्याचा पोरगा म्हणे, काढा आणि वावर ठोक्यानं द्या, तुम्ही दोघं इकडे या. सौ. काहीच म्हणत नव्हती. दीड वर्ष हा विषय ताटावर निघाला की कुणाचं तरी जेवण अर्धं राहायचं. घरात नवरा-बायको समोरासमोर बसतच नाहीत हो. मी जेवतो तेव्हा ती चुलीकडे तोंड करून, ती जेवते तेव्हा मी फोनवर. वावरात ती पुढच्या तासात, मी मागच्या. बोलणं सगळं पाठीला होते.

अबोहरहून बसनं अमृतसर. सुवर्णमंदिराच्या सराईत दोन रात्री राहिलो, लंगरात जेवलो. सौ. दोन्ही दिवस लंगरात लसूण सोलायला बसली. तिथं सगळ्या देशाच्या बाया बसतात आणि भाषा लागत नाही. सराईत पत्ते काढायचे नाहीत, हे तिनंच ठरवलं. जोड पिशवीच्या तळाला गेला.

अमृतसरहून हावड्याकडची गाडी. डिसेंबरच्या शेवटी उत्तरेत धुकं म्हणजे काय ते आपल्याला कळणार नाही. आपल्याकडे सकाळी तुरीवर असते ते नव्हे. हे दिवसभर असते, खिडकीबाहेर पांढरी भिंत. गाडी मुरादाबादनंतर रांगायला लागली आणि बरेलीच्या अलीकडे उभीच राहिली. पाच तास. पुन्हा आरएसी, पुन्हा आम्ही समोरासमोर. चहावाला तीनदा येऊन गेला. शेजारचे लोक चिडत होते, फोन करत होते. आम्ही वाटून घेतलं.

त्या दिवशी सतराव्या की अठराव्या डावात तिनं पाच पानं पाहिली, हुकूम बोलायच्या ऐवजी पानं उलटी ठेवली आणि म्हणाली, "तुमी सगळा काढतो म्हणता. पोरगा म्हणते, वावरच देऊन टाका. मले कोणं इचारलं?"

मी म्हटलं, "आता विचारतो. सांग."

"तर मग लिवा."

गुणांची वही होतीच. तिच्या मागच्या पानावर मी रेघा मारल्या आणि ती सांगत गेली. नाल्याकडून पहिली वळ, दुसरं झाड, मेलेलं. तिसरं आहे, पण एका बाजूनं वाळलं. तिसरी वळ, सातवं झाड, "त्यानं दोन वर्सात टोपलंभर बी देल्लं नाई." सहावी वळ सगळी चांगली, फक्त विहिरीकडचं शेवटचं खोडकिडीनं गेलं. डोळे खिडकीबाहेरच्या धुक्यावर, बोटं पिशवीवर ओळी काढत. फळं तोडायच्या वेळी टोपली तिच्या डोक्यावर असते, आळे साफ करायला ती असते, बोर्डो मलम लावताना बुंध्याशी वाकलेली ती असते. माझ्याकडे एकूण क्विंटल होते. तिच्याकडे झाडागणिक हिशेब होता. पानं ध्यानात ठेवते तसाच.

सव्वा तास लागला. गाडी त्या वेळात एकदा हलली आणि पुन्हा थांबली. २७७ पैकी उभी २३३. त्यातली खालच्या पाच ओळींतली ६१ आणि वर इकडे-तिकडे विखुरलेली ११, एवढी काढायची, म्हणजे ७२. उरलेली १६१ ठेवायची. "वरच्यानं अजून आठ-दहा वर्स देल्ले पाह्यजे. नाई देल्ले तर तवा पाहू," असं तिचं म्हणणं. मी दोन शंका काढल्या. एक तिनं मान्य केली, एक नाही. मग तिनं पानं उलटून पाहिली आणि हुकूम बोलली, चौकट. त्या डावात तिचे दहा हात झाले.

ते सरदारजींचे खुंट तिच्या डोक्यात होते, हे तिनं नंतर आसनसोलला सांगितलं. "त्याईनं कोपराच काढला, बाकीची बाग ठेवली न?" हे मीही पाहिलं होतं, पण मी तिथं मेणाची यंत्रं पाहत होतो.

आसनसोलला गाडी तेरा तास उशिरा पोचली, पुढची गाडी गेलेली. रात्र वेटिंग हॉलमध्ये. तिथं एक रेल्वे पोलीस आला आणि हिंदीत विचारलं, पैसे लावून चाललंय का? सौ.नं दाण्यांची पुडी पुढे केली. त्यानं मूठभर घेतले, थोडा वेळ उभा राहून पाहिलं आणि मला म्हणाला, "चाचाजी, आप हार रहे हो." ते मला माहीत होतं.

सकाळी आद्रा-बांकुडामार्गे विष्णुपूर. तिथं जायचं कारण पुन्हा पत्तेच. माझ्या वाचनात आलं होतं की तिथं हातानं रंगवलेले गोल पत्ते अजून करतात, दशावतारी. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं : राजा, वजीर आणि दहा ते एक. एकूण १२०. फौजदार घराण्यातले लोक ते पिढ्यानपिढ्या करतात. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप, घासून गुळगुळीत करायचं, मग रंग. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर सौ.चे कान टवकारले, तिची आजी तीच खळ करायची. आमची भाषा त्यांना कळेना, त्यांची आम्हाला, पण खळ किती वेळ उकळायची यावर दोन्हीकडून हातवारे झाले.

मांडलेल्या पानांत वराह अवतार दिसला. सौ. म्हणाली, "हा इथीबी आला!" रानडुकरानं आमच्या हरभऱ्याचं जे केलं ते ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. बंगालच्या दहांत बलरामही आहे. नांगरवाला देव पत्त्यांत बसला आहे हे मला आवडलं. एक सुटं पान त्याचंच घेतलं. पूर्ण संचाची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती, आणि तो खेळायला दोघं पुरतही नाहीत.

हेच पत्ते आपल्या महाराष्ट्रातही आहेत, सावंतवाडीची गंजिफा. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे, म्हणजे हा खेळ आपल्याकडे पाचशे वर्षं तरी आहे. सावंतवाडीत ती कला जवळजवळ संपली होती. एक म्हातारे कारागीर उरले होते, पुंडलिक चितारी. त्यांच्याकडून राणी सत्वशीलादेवी भोसले स्वतः शिकल्या, आणि १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि त्यांनी मिळून राजवाड्यात पुन्हा काम सुरू केलं. आम्ही विदर्भातली माणसं ते पाहायला आधी बंगालला गेलो, याला काय म्हणावं! कोकण आम्हाला बंगालइतकंच दूर वाटते.

पुरीला समुद्र पाहिला. सौ.नं पहिल्यांदा. पाण्यात पाय घालून अर्धा तास उभी राहिली, काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. रघुराजपूर जवळच आहे, तिथंही गोल पत्ते करतात, ते पाहिलं आणि रायपूर-नागपूरमार्गे वर्ध्याला उतरलो.

खर्चाचं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून : दोघांचा सगळा मिळून २६,८०० रुपये. रेल्वेनं सगळीकडे स्लीपर. मुक्काम सराई, धर्मशाळा आणि पाच रात्री साधं लॉज. पाठीवरची पिशवी सात-आठ किलोच्या वर नेऊ नका, चढ-उतार आपल्यालाच करायची असते. उत्तरेत जायचं तर ब्लँकेट न्या आणि पुढच्या गाडीत एका दिवसाची फट ठेवा. वहीत एकूण १४६ डाव आहेत : ७१ तिचे, ४८ माझे, २७ बरोबरीचे.

१० तारखेला सकाळी तो वहीतला कागद घेऊन दोघं बगीच्यात गेलो. ओळीओळीनं ताडून पाहिलं. दोन झाडं एका ओळीनं सरकली होती, बाकी सगळं जागच्या जागी. त्या ७२ झाडांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारला. पोराला फोन तिनंच केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की उन्हाळ्यात येतो, तोपर्यंत ठोक्याचं कुणाशी बोलू नका. आम्ही बोलणारच नव्हतो.

पुढचं असं ठरलं आहे. खालची ६१ झाडं मुळासकट काढून, मुळ्या वेचून जाळायच्या. नाल्याच्या बाजूनं चर खोदायला मशीन २० तारखेला सांगितलं आहे, आधी पाण्याला वाट, मग बाकीचं. वरच्या १६१ झाडांची पानं आता मलूल होऊन थोडी गळायला लागली आहेत. आणखी आठवडाभर थांबून शेणखत-खताची मात्रा देऊन पहिलं हलकं पाणी देऊ. सगळ्या बुंध्यांना दुहेरी आळं करायचं, पाणी खोडाला लागू द्यायचं नाही. बोर्डो मलम १:१:१० चा, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर.

खालच्या पट्ट्यात लगेच संत्रं लावणार नाही, डिंक्याची बुरशी त्या मातीत आहे. पुढं लावलंच तर रंगपूर लिंबावरची कलमं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून आणायचा विचार आहे, आणि कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर ठेवून. सौ.चं म्हणणं, तिथं दोन-तीन हंगाम तूर घ्यावी, तिची मुळी खोल जाते. मला हरभरा आणि खरिपात ज्वारी वाटते, पण ओलीला तूर उभळते ही माझी भीती चर खोदल्यावर राहील का, ते कळत नाही. सखल, भारी जमिनीत बगीचा काढून ज्यांनी मधले हंगाम घेतले आहेत, त्यांनी कोणतं पीक घेतलं आणि किती वर्षांनी पुन्हा कलमा लावल्या, ते कळवावं. वही सौ.कडे आहे, ती लिहून घेईल.